पाटी एका कंपनीची, लेथ भलतीच

सोलापुरात कुणी जुनी लेथ, म्हणजे लोखंडाचा तुकडा गोल फिरवून कापणारं मशीन, घ्यायच्या बेतात असेल, तर विसार देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे बुश, पिना, पुल्या, शाफ्ट अशी कामं चालतात. लांब शाफ्ट बाहेर द्यावे लागायचे, म्हणून मोठ्या बेडची लेथ बघत होतो. बेड म्हणजे मशीनचे बाकी भाग ज्याच्यावर बसतात तो लांब लोखंडी पाया. नवी लेथ आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपांना परवडतच नाही. सगळा धंदा जुन्या मशीनवर उभा आहे आणि फसवणारे नेमके तिथेच टपलेले असतात.

जुन्या मशिनरीचा एक व्यापारी ओळखीतून भेटला. त्याने सांगितलं, "मालक, मैसूर किर्लोस्कर आहे. बंद पडलेल्या गिरणीच्या वर्कशॉपमधून निघालीय. गिरणीची मशीन म्हणजे तुम्हाला काय सांगायचं?" हे वाक्य तो सोलापूरकरालाच म्हणतो, दुसऱ्या गावात म्हणून उपयोग नाही. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेव्हापासून घरटी एक माणूस गिरणीत असायचा. गिरणीचं वर्कशॉप म्हणजे मशीनला जीव लावणारी माणसं, असा आपला समज आहे आणि तो खोटा नाही. माझे आजोबा तसेच होते. त्या भरवशाचे पैसे करणाऱ्या माणसाचा मला जास्त राग आहे, लोखंडाचं नंतर.

कंपनीचं नावही त्याने विचार करूनच निवडलं होतं. मैसूर किर्लोस्करचा कारखाना कर्नाटकात हरिहरला, 1941 सालचा. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेथ अजून ठिकठिकाणी चालतात, त्यामुळे नावाला भाव आहे. आणि कारखानाच नाही म्हटल्यावर सीरियल नंबर कळवून खात्री करून घ्यावी असं ठिकाण उरत नाही. सौदा 2,60,000 रुपयांना ठरला. बटाल्याकडची बिननावाची जुनी लेथ त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाली असती. पंजाबातल्या त्या लेथना मी नावं ठेवत नाही. त्या आपल्या भावात प्रामाणिक असतात. मला दिलेली लेथ तिच्या खऱ्या नावाने विकली असती तर तक्रारच नव्हती.

त्याच्या गोडाऊनमध्ये मशीन चालू करून दाखवली ती अशी. रंग नवा, हिरवा, चकचकीत. बेडवर स्क्रेपिंगच्या, म्हणजे खरवडून सपाटी आणल्याच्या, खुणा दिसत होत्या. चकमध्ये, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या पकडीत, वीतभर लांबीचा तुकडा धरला, कट घेतला, मायक्रोमीटर लावला, दोन्ही टोकांना माप एकच. कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक बेडच्या मध्यावर घट्ट आवळून ठेवलेला, त्यामुळे कॅरेज, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, त्याच्यापुढे जातच नव्हतं. चक फिरवणाऱ्या हेडस्टॉकचा आवाज मऊ. ही सगळी तयारी होती, हे आता एकेक करून सांगतो, कारण दुसरीकडेही हेच करतात.

लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. रोजची कामं चकजवळ होतात, म्हणून झीज तिथे जास्त असते आणि टेलस्टॉककडचं टोक जवळजवळ नव्यासारखं राहतं. चकजवळ सॅडलच्या (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) पट्ट्या आवळल्या की तिथे कॅरेज छान घट्ट चालतं, पण तेच शेवटपर्यंत नेलं तर जाम होतं. कॅरेज शेवटपर्यंत जाऊ नये म्हणून टेलस्टॉक मध्ये उभा केलेला होता. तो सोडवून मागे न्यायला लावा आणि हँडव्हील स्वतः फिरवत कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. हाताला लगेच कळतं. स्क्रेपिंगच्या खुणांवर जाऊ नका. झिजलेल्या बेडवर त्या वरवर मारून देतात. खऱ्या जुन्या बेडवर चकजवळच्या खुणा पुसलेल्या आणि टेलस्टॉककडच्या शाबूत असतात. दोन्हीकडे सारख्याच ताज्या दिसल्या तर सावध व्हा.

आवाजाचं गुपित तेलात होतं. हेडस्टॉकमध्ये फार जाड तेल भरलं की झिजलेले गियर आणि बेअरिंग गप्प बसतात. दहा मिनिटांच्या डेमोत ते पुरतं. मशीन तासभर वरच्या वेगाला चालू ठेवायला सांगा. तेल तापून पातळ झालं की खरा आवाज येतो. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात, भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली तो आला.

पण खरा डाव बसवणीत होता. "आमचाच फिटर येऊन लेव्हल करून देईल, पैसे नाहीत," असं व्यापारी म्हणाला होता. फिटर आला. टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली त्याने पत्र्याचं पॅकिंग घातलं, फाउंडेशन बोल्ट आवळले, छोट्या जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, कट घेऊन दाखवला. माप बरोबर. पॅकिंग कशाला, विचारलं तर म्हणाला, "तुमच्या फरशीला ढाळ आहे."

ढाळ नव्हता. त्याने बेडला पीळ दिला होता. चकजवळची झीज अशी असते की सॅडल तिथे पुढे कलतं, टूल कामापासून लांब जातं आणि जॉब चकजवळ जाड येतो. टेलस्टॉककडचा मागचा पाय उचलला की बेड पिळतो आणि पुढे सरकताना टूल थोडं थोडं बाहेर जाऊ लागतं. वीतभर लांबीत दोन चुका एकमेकींना खातात आणि मायक्रोमीटर खूश होतो. पण झीज जिथे संपते तिथे पीळ संपत नाही. म्हणून लांब शाफ्ट घेतला की चकजवळ जाड, पुढे बारीक, टेलस्टॉककडे पुन्हा जाड. टेलस्टॉक सरकवून सरळ टेपर, म्हणजे एकसारखा उतार, घालवता येतो, हा बाक कशानेच निघत नाही. आमचे दोन शाफ्ट असे वाया गेले, तेव्हा मी अण्णांना बोलावलं.

अण्णा म्हणजे गिरणीत टर्नर म्हणून आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनी आधी बेडकडे नाही, लीडस्क्रूकडे, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूकडे, पाहिलं. "आटे पाडून बघितलास का?" बघितले होते. दीड एमएम पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, लावून पाडलेल्या आट्यांवर नट दोन-तीन फेरे जायचा आणि अडकायचा. कामावरचं पोरगं म्हणत होतं टूल नीट घासलेलं नाही. अण्णा म्हणाले, "पाटी राहू दे बाजूला. फूटपट्टी आण की."

लीडस्क्रूच्या दहा आट्यांची लांबी मोजली. गियरबॉक्सवरच्या पाटीत पिच 6 एमएम लिहिलं होतं, म्हणजे दहा आट्यांना 60 एमएम यायला हवेत. आले साडेत्रेसष्ट. तो इंचाला चार आट्यांचा स्क्रू होता, पिच 6.35. म्हणून दीडच्या जागी 1.5875 चे आटे पडत होते. इंची लीडस्क्रूवर एमएमचे बिनचूक आटे पाडायला 127 दात्यांचं गियर लागतं, कारण 25.4 ला पाचाने गुणलं की 127 येतात. ते गियर मशीनबरोबर आलंच नव्हतं. येणार कुठून? या पाटीच्या हिशेबात त्याची गरजच नव्हती.

मग पाटी काढून पाहिली. स्क्रू नवे, आणि पाटीखाली दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या पाटीची बुजवलेली भोकं. पुट्टीने भरलेली, वर रंग. पाटीवर जितके वेग छापले होते तितक्या जागाच लिव्हरला नव्हत्या. पाटी मात्र अस्सल होती, कुठल्यातरी भंगारात गेलेल्या खऱ्या मशीनची. अण्णांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपात खरी टर्नमास्टर, म्हणजे मैसूर किर्लोस्करची लेथ, आहे. ती जाऊन पाहिली. हेडस्टॉकचा आकार, गियरबॉक्स, ॲप्रन (कॅरेजची पुढची पेटी), काहीच जुळत नव्हतं. घेण्याआधी एवढं एक करा. ज्या कंपनीची म्हणून सांगतात तिची खरी मशीन कुणाकडे आहे ते शोधा आणि सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. एचएमटी म्हणाले तर ते आणखी सोपं आहे. त्यांच्या एलबी 17 मॉडेलमध्ये बेडपासून सेंटरची, म्हणजे चकच्या मध्याची, उंची 170 एमएम, एनएच 22 मध्ये 220. स्केल लावायला मिनिट लागत नाही, आणि रंग मारून उंची बदलत नाही.

बेड नंतर आम्ही नीट लेव्हल केला. साधी गवंडीकामाची लेव्हल इथे चालत नाही. मीटरला 0.02 एमएम दाखवणारी मशीन लेव्हल लागते, ती डाय बनवणाऱ्या एकाकडून आणली. बेडवर आडवी ठेवली तेव्हा चकजवळ बुडबुडा मध्यावर आणि टेलस्टॉककडे पार टोकाला. पॅकिंग काढून पीळ घालवला. मग टेलस्टॉकचा आधार न देता जाड बार धरला, त्यावर दोन कॉलर, म्हणजे उंच कड्या, ठेवल्या, एक चकजवळ, दुसरी 300 एमएमवर, आणि टूल न हलवता दोन्हींवर बारीक कट घेतला. फरक 0.12 एमएम निघाला. चांगल्या लेथला तो 0.02 च्या आत असावा लागतो. ही चाचणी व्यापाऱ्याच्या जागेतच, लेव्हल लावून, तुमच्या माणसाच्या हातून करून घ्या. बसवायलाही फिटर तुमचाच घ्या. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे एकदा केलेली लेव्हलही पावसाळ्यानंतर पुन्हा बघावी लागते, हे फुकट येणारा फिटर कधी सांगणार नाही.

व्यापाऱ्याकडे गेलो तर त्याने बिल पुढे केलं. "जुनी लेथ मशीन, 1 नग, जशी आहे तशी." कंपनी नाही, मॉडेल नाही, नंबर नाही. किर्लोस्करचं नाव त्याने तोंडीच घेतलं होतं, तेही फोनवर. पण सौद्याआधी त्याने व्हॉट्सॲपवर पाटीचा फोटो पाठवला होता आणि खाली भाव लिहिला होता. तो मेसेज, बुजवलेल्या भोकांचे फोटो आणि लीडस्क्रूची मापं जोडून मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. मशीन धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर परत फिरू नका. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे. मी तोही अर्ज तयार करतोय.

तक्रार दिल्यापासून व्यापारी "अर्धे पैसे घ्या आणि मिटवा" म्हणतोय. मी नाही म्हटलंय. मशीन तशीच उभी आहे, पाटी काढलेली, भोकं उघडी. तीच लेथ रंगवून तो पुढच्या गिऱ्हाइकाला विकणार, म्हणून निकाल लागेपर्यंत ती मी परत देणार नाही.