बेलापूरचे डीजी पेपरवाले: पेंट-केमिकल बाहेर पाठवणाऱ्यांनी वाचा

आमचं अंबरनाथ एमआयडीसीत छोटं युनिट आहे, इपॉक्सी प्रायमर आणि थिनर बनवतो, माल न्हावाशेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जातो. गेलं दीड वर्ष धोकादायक मालाचे म्हणजे डीजीचे सगळे पेपर बेलापूर स्टेशनजवळच्या या ऑफिसातून करून घेतेय. पाचपैकी साडेचार स्टार.

आधीच्या एजंटने आमच्या डिक्लेरेशनवर, म्हणजे मालात काय आहे ते लिहून द्यायच्या कागदावर, सरळ ब्रँडचं नाव टाकलं होतं, पुढे "फ्लॅमेबल", मग क्लास (धोक्याचा प्रकार) आणि यूएन नंबर (त्या मालाचा जगभर चालणारा नंबर) सगळ्यात शेवटी. शिपिंग लाइनने अप्रूव्हल दिलंच नाही, कटऑफ म्हणजे जहाजासाठी माल द्यायची शेवटची वेळ गेली, कंटेनर आठवडाभर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) पडून आणि ग्राउंड रेंट आम्ही भरला. तेव्हा मला वाटलं शब्द इकडचे तिकडे झाले तर एवढं काय.

इथे पहिल्याच दिवशी सरांनी तो जुना कागद समोर ठेवला, लाल पेनाने ब्रँडच्या नावाला गोल केला आणि म्हणाले, "ताई, जहाजावर आग लागली तर हे नाव वाचून कुणाला काय कळणार?" मग खाली स्वतःच्या हाताने लिहून दिलं: यूएन 1263, पेंट, 3, पॅकिंग ग्रुप तीन, 32 डिग्री क्लोज्ड कप. आधी नंबर, मग आयएमडीजी कोडमध्ये (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या नियमपुस्तकात) छापलंय तेच नाव, मग क्लास, मग पॅकिंग ग्रुप (धोका किती तीव्र ते), हाच क्रम आणि या चौघांच्या मधे दुसरं काही घुसवायचं नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला मालाची वाफ पेट घेऊ शकते तो, 60 डिग्री किंवा त्याखाली असेल तर तोही लिहायलाच लागतो; वरचं 32 डिग्री क्लोज्ड कप म्हणजे तोच, बंद कपात मोजलेला. थिनरला नंबर तोच 1263 पण नाव "पेंट रिलेटेड मटेरियल", आणि आमच्या थिनरचा फ्लॅश पॉइंट 23 च्या खाली येतो म्हणून पॅकिंग ग्रुप दोन. पेंट आणि थिनर एकाच पेटीत असेल तर पेपरवर दोन्हीसाठी "पेंट रिलेटेड मटेरियल" चालतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे हे लोक एसडीएस (केमिकलच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद) खरंच वाचतात, नुसता वाहतुकीचा सेक्शन 14 बघून टाइप करत नाहीत. आमच्या प्रायमरमध्ये झिंक फॉस्फेट आहे हे त्यांनीच पकडलं, मग नावाचाच भाग म्हणून कंसात ते केमिकल आणि ओळीच्या शेवटी "मरीन पोल्युटंट" (समुद्रातल्या जिवांना घातक) आलं, आणि डब्यावरही माशाची खूण लावायला लावली. डब्यावर एक आणि कागदावर दुसरंच असं यांच्याकडे चालत नाही, फोटो मागवून जुळवून बघतात.

खाली जे डिक्लेरेशनचं वाक्य असतं ना, त्यावर आधी मी डोळे मिटून सही करायचे. यांनी मराठीत बसून समजावलं की माल वरच्या नावाने पूर्ण आणि बरोबर सांगितलाय, क्लास, पॅकिंग, मार्किंग, लेबल सगळं नियमात आहे असं तुम्ही लिहून देताय, जबाबदारी शिपरची म्हणजे माल पाठवणाऱ्याची, एजंटची नाही. हापाग-लॉइड या शिपिंग लाइनने तर 2019 मध्येच चुकीच्या डिक्लेरेशनला कंटेनरमागे 15,000 डॉलर दंड जाहीर केलाय. पण मला दंडापेक्षा 9 जून 2025 आठवतो, कोलंबोहून आपल्या न्हावाशेव्याला येणारं वान हाय 503 हे कंटेनर जहाज केरळच्या समुद्रात पेटलं आणि चार खलाशी बेपत्ता झाले. अशा वेळी आग विझवायला जाणारा माणूस आधी कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे तेच बघणार, आणि त्याच्यापुढे आपण टाइप केलेली ती एक ओळच असते. तेव्हापासून सही करण्याआधी प्रत्येक ओळ मी स्वतः मोठ्याने वाचते.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. शनिवारी दुपारी दोननंतर कुणी उचलत नाही आणि आमचे कटऑफ बरेचदा रविवारी असतात. फी इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, पण दीड वर्षात एकही पेपर परत आलेला नाही त्यामुळे तक्रार नाही. जाणार असाल तर एसडीएस आणि फ्लॅश पॉइंटचा टेस्ट रिपोर्ट गुरुवारपर्यंत मेल करा, शुक्रवारी ड्राफ्ट हातात मिळतो.