बोटीवरची मैल्याची टाकी : काही महिन्यांच्या वापरानंतर

बोटीच्या शौचालयाला मैला साठवणारी टाकी जोडून आता काही महिने झाले. टाकीची बांधणी, क्षमता आणि पंप यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत मिळालेल्या १९ मिलिमीटर व्यासाच्या व्हेंट पाइपबद्दल, म्हणजे टाकीत हवा खेळती ठेवणाऱ्या नळीबद्दल.

उकाडा वाढला तसा केबिनमध्ये कुजका वास येऊ लागला आणि विक्रेत्याने दर वेळी सुगंधी रसायनाची नवी बाटली घेण्याचा सल्ला दिला. हा खर्च मला अजिबात मान्य नाही. टाकीत पुरेशी हवा खेळली नाही, की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू फोफावतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी वायू तयार होतो. अरुंद, वळणावळणाच्या पाइपातून ती हवा आत येणार कशी? शिवाय फॉर्माल्डिहाइडयुक्त रसायने मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या उपयुक्त जिवाणूंनाच मारतात.

मैला वाहून नेणाऱ्या होजमधूनही (लवचिक नळीतूनही) वास झिरपू शकतो. त्यासाठी गरम पाण्यात भिजवलेले फडके होजभोवती गुंडाळावे आणि थंड झाल्यावर हुंगून पाहावे. माझ्या होजच्या फडक्याला वास नव्हता. मग ३८ मिलिमीटरचा, शक्य तितका सरळ व्हेंट पाइप बसवून घेतला आणि वास जवळपास गेला. संपूर्ण यंत्रणाच टाकाऊ आहे, हे माझे आधीचे मत तेव्हा बदलले. पण हा पाइप मुळातच का दिला नाही, याचे उत्तर विक्रेत्याकडून अजून मिळालेले नाही. व्हेंट तुंबलेला असताना पंप-आउट केले, म्हणजे टाकीतला मैला पंपाने उपसला, तर निर्वातामुळे टाकीच्या भिंती आत ओढल्या जाऊ शकतात, म्हणून हा प्रश्न केवळ वासाचा नाही.

मारपोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ४०० टन किंवा त्याहून अधिक सकल टनभाराच्या, तसेच १५ पेक्षा जास्त माणसे नेण्याची परवानगी असलेल्या जहाजांना लागू होते. त्यानुसार साठवलेला, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, किमान ४ नॉट वेगाने जाताना, हळूहळू सोडता येतो. लहान बोटींचे नियम देशागणिक वेगळे आहेत. मात्र जिथे पाणी फारसे बदलत नाही अशा बंदिस्त खाडीत एका बोटीचा मैलाही पोहणाऱ्यांना आणि शिंपल्यांना बाधतो, म्हणून बंदरात वाय-व्हॉल्व्ह (मैला टाकीत की समुद्रात जाणार हे ठरवणारी झडप) टाकीकडेच वळवून कुलूपबंद ठेवावा. पंप-आउटनंतर टाकीत स्वच्छ पाणी भरून ते पुन्हा उपसून घ्यावे, कारण तळाशी बसलेला गाळ एका उपशात निघत नाही.