नातेवाइकाच्या गाडीकर्जाला मदत: जामीन राहावं, सहकर्जदार व्हावं, की गाडीच आपल्या नावावर घ्यावी?

पुतण्याची नोकरी नवी असते, किंवा मेहुण्याचा सिबिल स्कोअर घसरलेला असतो. शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, "घरातलं आणखी एक नाव द्या," आणि फोन तुम्हाला येतो. नाही म्हणायचं नसेल तर चार वाटा आहेत: जामीनदार होणं, सहकर्जदार होणं, कर्ज आणि गाडी दोन्ही स्वतःच्या नावावर घेऊन त्याला चालवायला देणं, किंवा कुठेही सही न करता डाउन पेमेंटसाठी उसने पैसे देणं. मदतीची भावना चारही ठिकाणी सारखीच. पण हप्ता थकला किंवा गाडी ठोकली, की पैसे कुणाच्या खिशातून जाणार हे वाटेगणिक बदलतं.

"मी काय, नुसता जामीन आहे" हे वाक्य आधी मनातून काढून टाका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं लिहिलं असेल तरच ती कमी होते, आणि बँकेच्या छापील करारात तसं सहसा नसतं. पुतण्याच्या मागे आधी लागा, मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही. थकलेलं खातं तुमच्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. अर्ध्यावर "माझं नाव काढा" म्हणाल, तर दुसरा जामीनदार दिल्याशिवाय बँक सहसा ऐकत नाही. म्हणजे बँकेच्या दृष्टीने जामीनदार आणि सहकर्जदार यांत फारसा फरक नाही.

खरा फरक पडतो तो तुम्ही पैसे भरल्यानंतर. जामीनदार म्हणून जे भरलंत ते सगळं पुतण्याकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ देतं. पूर्ण कर्ज फेडलंत तर बँकेचे गाडीवरचे हक्कही तुमच्याकडे येतात. सहकर्जदाराला मात्र कलम ४३ लागू होतं: वेगळं ठरलेलं नसेल तर सगळ्यांचा वाटा समान. "गाडी त्याची, मी फक्त नावाला होतो" हे उद्या कोर्टात तुम्हाला सिद्ध करावं लागेल, नाहीतर निम्मा बोजा तुमचाच. शिवाय सहकर्जदार झालात म्हणजे गाडीचे अर्धे मालक झालात असंही नाही. आरसी पुतण्याच्या नावावर असेल तर गाडी त्याची, कर्ज दोघांचं.

सहकर्जदाराच्या बाजूने एक गोष्ट आहे. कर्जखातं त्याचंही असल्यामुळे कोणता हप्ता परत गेला हे त्याला बँकेकडून कळू शकतं. जामीनदाराला अनेकदा नोटीस आल्यावरच कळतं. पण त्याची किंमत मोठी आहे. ८ लाखांचं कर्ज, ९.५ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत, म्हणजे हप्ता साधारण १६,८०० रुपये. हा हप्ता तुमच्या उत्पन्नातून वजा धरला, तर ८.५ टक्क्यांच्या २० वर्षं मुदतीच्या गृहकर्जाची तुमची पात्रता सुमारे १९ लाखांनी कमी होते. येत्या काही वर्षांत स्वतःचं घर घ्यायचं असेल तर सहकर्जदार होऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट सगळ्यात सोपी वाटते आणि नाती सगळ्यात जास्त तिथेच तुटतात. "काकांच्या नावावर घेऊ, हप्ते मी भरतो." आता आरसी तुमची, पॉलिसी तुमची, ई-चलन तुमच्या नावावर. अपघातात कुणी जखमी झालं तर भरपाईच्या दाव्यात चालकाबरोबर मालक म्हणून तुम्ही. गाडी प्रत्यक्षात कुणाकडे होती याने सुटका होत नाही. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात ठामपणे सांगितलं. पुतण्याने विनापरवाना मित्राच्या हाती स्टिअरिंग दिलं, तर विमा कंपनीला आधी भरपाई देऊन नंतर ती तुमच्याकडून वसूल करायची मुभा कोर्ट देऊ शकतं. पॉलिसीतलं १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर अपघात संरक्षणही नोंदणीकृत मालकासाठी आहे. रोज गाडी चालवणारा पुतण्या त्यात बसत नाही, त्याचा अपघात विमा वेगळा काढावा लागतो. या गोष्टीकडे बहुतेक घरांत लक्षच जात नाही आणि मला ती सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

नुकसानीचा हिशेब आकड्यांत पाहू. गाडी ९ लाखांची, त्यातला १ लाख पुतण्याने भरला, ८ लाख कर्ज. २४ हप्ते झाले, सुमारे ४ लाख ३ हजार भरून झाले, तरी मुद्दल अजून ५ लाख २४ हजार बाकी. तिसऱ्या वर्षी अपघात होऊन गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची, ठरली. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला रूढ तक्त्याप्रमाणे ३० टक्के घसारा, म्हणजे आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ६ लाख ३० हजार. बँक आपली बाकी आधी घेते, उरतात लाखभर रुपये, आणि ते जातात पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला. पाच लाखांवर खर्च केलेला पुतण्या म्हणतो ते माझे; काका म्हणतात बँकेचे फोन मी घेतले, क्लेमसाठी मी फिरलो. दोघांनाही आपलंच खरं वाटतं, कारण आधी काहीच ठरलेलं नसतं.

आणि हे सगळं विमा चालू असेल तर. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. "पॉलिसी आहे की तीन वर्षांची" म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जातं. मग टोटल लॉसला एक पैसा मिळत नाही आणि ५ लाख २४ हजार तसेच उभे राहतात, सही केलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने फिरवताना ठोकली, तरी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

चौथी वाट, उसने पैसे. पुतण्याला दीड-दोन लाख द्या, कर्ज त्याच्या पगारात बसेल इतकं लहान होऊ द्या, किंवा तो जुनी गाडी घेऊ दे. तुमचं नुकसान झालंच तर दिलेल्या रकमेपुरतं. पैसे बँकेतून द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी म्हणून रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. वचनचिठ्ठी करून घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, त्यामुळे मुदत संपण्याआधी बाकी मान्य असल्याचं पुतण्याच्या सहीनिशी लिहून घ्या.

माझा क्रम असा: आधी उसने पैसे, ते जमत नसेल तर जामीनदार, मग सहकर्जदार. गाडी स्वतःच्या नावावर फक्त तेव्हाच, जेव्हा ती तुमच्याच अंगणात राहणार आहे.

जामीनदार किंवा सहकर्जदार झालातच, तर स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सहीने चार गोष्टी लिहून ठेवा: सगळे हप्ते कोण भरणार, नुकसानीचा विमा दरवर्षी कोण उतरवणार, क्लेममध्ये न बसणारी दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, आणि टोटल लॉस झाल्यास उरलेली रक्कम कुणाची. बँकेला हा कागद बांधील नाही, पण तुमच्या दोघांत तो चालतो आणि कलम ४३ मधला समान वाटा त्यानेच बदलता येतो. वहिनींना, भावाला वाईट वाटेल म्हणून हा कागद टाळू नका. बोलणी शोरूमला जायच्या आधी घरातच करा.

गाडी आधीच तुमच्या नावावर असेल, तर कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवा, आणि त्याच फेरीत फॉर्म २९ व ३० भरून गाडी पुतण्याच्या नावावर करा. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत पॉलिसीवरचं नाव बदलायचा अर्ज त्याच्याकडून करून घ्या.