पाच मीटरची सबवूफर केबल : घुंऽऽ तिची नव्हतीच

सबवूफर, म्हणजे फक्त खोल, घुमणारे आवाज काढणारा स्पीकर, टीव्हीशेजारून उचलून सोफ्यामागच्या कोपऱ्यात नेला आणि त्याच्यासोबत आलेली केबल अर्ध्या वाटेतच संपली. मग सुतळी घेतली, भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरवली. सव्वाचार मीटर भरली. पाच मीटरची केबल मागवली.

पाकिटावर ‘खास सबवूफरसाठी’ असं छापलंय. आत निघाली ७५ ओहमची कोअ‍ॅक्सिअल वायर, टीव्हीच्या अँटेनाला असते त्याच जातीची, दोन्ही टोकांना आरसीए पिन. शील्ड, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं वेष्टन, मात्र दुहेरी आहे: अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि वर तांब्याची जाळी. पैसे मोजायचे ते लांबीचे आणि या जाळीचे. रिसीव्हरचा (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) एलएफई चॅनल, म्हणजे सिनेमातल्या खोल आवाजांचा वेगळा मार्ग, फार तर १२० हर्ट्झपर्यंत जातो. तिथे सोन्याचा मुलामा आणि ऑक्सिजनमुक्त तांबं कोणाच्या कानाला कळणार? मी घरातली जुनी डिजिटल कोअ‍ॅक्सिअल केबल लावून पाहिली. केबल घरच्यांनी बदलायची, मी डोळे मिटून ओळखायची. एकदाही खात्रीने सांगता आलं नाही. केबलवरच्या बाणाची दिशा उलटी केली, तरी तेच.

तक्रार पिनची. इतकी घट्ट की काढताना सॉकेटच हातात येईल असं वाटतं. शिवाय केबल ताठ, कोपऱ्यात वळत नाही; सबवूफर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावा लागला.

आणि एवढं करून सबवूफरमधली घुंऽऽ चालूच! दोन दिवस मी केबललाच शिव्या घातल्या. मग एकेक वायर काढत गेले, तर टीव्हीची अँटेनाची वायर काढताच सगळं शांत. ग्राउंड लूप होता, म्हणजे वायरींमुळे दोन अर्थिंग जोडली जाऊन झालेलं वेटोळं. त्यात दोन अर्थिंगमधला प्रवाह शील्डमधूनच वाहतो, तेव्हा शील्ड दुहेरी असली तरी ती त्याला काय अडवणार? अँटेनाच्या वायरीत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण अर्थिंगचा जोड तोडतो) बसवला, घुंऽऽ गेली. (प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.)

वाय-जोडणीही घेतली होती, डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटना सिग्नल द्यायला. आवाज वाढला, म्हणून नॉब तेवढाच मागे फिरवला. फायदा एकच: रात्री आवाज कमी ठेवला की सबवूफर आपोआप झोपायचा, तो आता जागा राहतो.