भडंगचं दुसरं ऑपरेशन या जनावरांच्या दवाखान्यात झालं, म्हणून लिहितोय

आमच्या बोक्याचं नाव भडंग, वय सव्वा वर्ष. आठव्या महिन्यात दुसरीकडं त्याचं न्यूटरिंग, म्हणजे वृषणं काढायचं ऑपरेशन, करून आणलेलं, आणि तीन महिने झाले तरी हा सोफ्यावर, सिलेंडरवर, आईच्या देवघराच्या पडद्यावर शेपूट ताठ करून लघवीचे फवारे मारतोय, रात्री गच्चीवर ओरडतोय, दोनदा कान फाडून आला. तिथं विचारलं तर म्हणे सवय लागलीय, सुटंल हळूहळू. वास इतका की पाहुणे आले की आईला लाज वाटायची.

मग मिरजेच्या मावशीनं इथला पत्ता दिला, विश्रामबागेत. डॉक्टर मॅडमनी आधी सगळं निवांत ऐकून घेतलं, मग भडंगला आडवा धरून लिंग जरा बाहेर घेऊन बघितलं आणि मलाही दाखवलं. त्यावर बारीक बारीक काटे होते. मला माहितीच नव्हतं की बोक्याला असं काही असतं! मॅडम म्हणाल्या, हे काटे टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे वृषणात बनणाऱ्या नर हार्मोनवर टिकतात, दोन्ही वृषणं काढली की साधारण सहा आठवड्यात जातात. याचे तीन महिन्यांनीही शाबूत, म्हणजे एक वृषण आत कुठंतरी चालू आहे. खाली उतरलंच नव्हतं ते, आणि पहिल्या ठिकाणी एकच काढून घरी पाठवलं, फाईलवर त्याचा शब्द नाही. याचा मला अजून राग येतो.

पोटात शरीराची ऊब जास्त म्हणून तिथं शुक्राणू नीट बनत नाहीत, पण हार्मोन बनतच राहतं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन सोडते, ते वृषणाला कामाला लावतं, मग वृषण पिशवीत असो नाहीतर पोटात. त्यामुळं पिल्लं होणार नाहीत पण मारामारी, फवारे, ते जाड फुगलेले गाल सगळं तसंच. लघवीच्या उग्र वासाचं पण तेच, बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा पदार्थ असतो, तो टेस्टोस्टेरॉनमुळं वाढतो. कुणीतरी पहिल्यांदाच इतकं नीट समजावून सांगितलं.

सोनोग्राफीत दिसलं नाही, पोट उघडल्यावर मूत्राशयाजवळ सापडलं. काढल्यावर मला बोलावून ट्रेमध्ये दाखवलं, चवळीच्या दाण्याएवढं, आणि एवढ्याशा त्या दाण्यानं आमचं घर डोक्यावर घेतलेलं. बिल साडेचार हजार झालं, औषधं आणि गळ्यातली कॉलर धरून. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः फोन करून खातोय का, टाके चाटतोय का विचारलं.

आता दोन महिने झाले. काटे गेले, मॅडमनी तपासून दाखवलं. वास तर लवकरच कमी झाला. फवारे जवळपास बंद, फक्त जिन्याच्या कोपऱ्यात अधूनमधून मारतो, दहातला एखादा बोका ऑपरेशननंतरही मारतो असं त्या म्हणाल्या, त्यासाठी कोपरा एन्झाइमवाल्या क्लीनरनं धुवायला सांगितलाय. भूक मात्र वाढलीय, त्यामुळं खाणं वाटीनं मोजून देतोय नाहीतर गुबगुबीत होईल.

एक कमी सांगायलाच पाहिजे, बसायच्या जागेत कुत्री मांजरं एकत्र, भडंग पिशवीत थरथरत होता, संध्याकाळी गर्दी लय असते. सकाळी दहाच्या आत जावा, आणि पहिलं ऑपरेशन दुसरीकडं झालं असेल तर ती फाईल घेऊन जावा, मॅडम पहिल्यांदा तीच मागतात.