जिल्हा कोर्टातलं मोफत कायदा सल्ला केंद्र: कर्जात बुडालात आणि गाडी वाचवायची असेल तर

चार स्टार. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांचे पैसे द्यायचेत तेही मोबाइल वाचतात.

माझा पाण्याच्या जारचा धंदा आहे. आरओ प्लँट घरामागच्या शेडमध्ये, आणि जार पोचवायला छोटा हत्ती टेम्पो, तो मीच चालवते. ऐन उन्हाळ्यात चिलर बसला, लग्नाच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, मग एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून कर्ज. बचत गट, मोबाइलवरची ॲप, क्रेडिट कार्ड, वर गल्लीतला सावकार. टेम्पोचा हप्ता आणखी वेगळा. शेवटी ठरवलं, दिवाळं जाहीर करायचं, पण गाडी सोडायची नाही. गाडी गेली तर जार काय डोक्यावरून न्यायचे?

आधी कर्ज तडजोडीने मिटवून देतो म्हणणाऱ्या एका सेटलमेंटवाल्याला फोन केला होता. म्हणे सगळे हप्ते आजपासून बंद करा, पैसे आमच्याकडे साठवा, आमची फी त्यातून जाईल. टेम्पोचं काय विचारलं तर "बघू". हे "बघू" ऐकून मी फोन ठेवला आणि कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शोधलं.

बायकांना इथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे किती जणींना माहीत आहे? मला नव्हतं. पुरुषांना मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग असे काही गट सोडून. स्वयंसेवक मुलीने अर्ज भरून दिला आणि पॅनलवरच्या वकील मॅडम मिळाल्या.

मॅडमनी माझं रडगाणं मध्येच थांबवून आरसी आणि कर्जाचा करार मागितला. आरसीवर फायनान्स कंपनीच्या बोजाची नोंद दिसली तशी म्हणाल्या, "तुमच्या टेम्पोचा निकाल नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, कोर्टात लागत नाही, तो या करारात लागतो."

मग समजावलं. आपल्याकडे साध्या माणसाला अजून 1920 चाच नादारी कायदा लागू आहे, मुंबईत तर 1909 चा. 2016 चा नवा कायदा आला, पण त्यातला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच सुरू झालाय. जुन्या कायद्यात पाचशे रुपये देणं असलं तरी अर्ज करता येतो. पाचशे! तेवढ्यात डिझेलही धड भरून होत नाही.

कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. जप्तीतून सुटतात त्या गोष्टी म्हणजे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा दागिना, कारागिराची हत्यारं. मी विचारलं, "मग टेम्पो हे माझं हत्यारच की?" मॅडम हसल्या. "तसं मांडता येईल, पण त्या भरवशावर राहू नका ताई. आणि कोर्टाने मानलं तरी गाडी तारण आहे. तारण असलेल्याचा हक्क या कायद्याने हलत नाही." म्हणजे नादारीचा अर्ज करूनही हप्ता थकला तर फायनान्सवाला गाडी नेऊ शकतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांचा सल्ला सेटलमेंटवाल्याच्या बरोबर उलटा निघाला: टेम्पोचा हप्ता सगळ्यात आधी, बिनतारणी देणी मागे. फायनान्स कंपनीला मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं पत्र त्यांनीच लिहून दिलं. त्याने एकूण व्याज किती जास्त जाईल तेही कॅल्क्युलेटरवर दाखवलं. जास्तच जाईल. पण हप्ता आता जारच्या पैशांत बसतो, गाडी दारात आहे. कार्डाचं प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत मिटलं, तिथे कोर्ट फी लागली नाही. ॲपवाल्यांपैकी कुणी आलंच नाही, ते अजून लोंबकळतंय. नादारीचा अर्ज तूर्त बाजूला ठेवलाय.

वसुलीवाल्यांचंही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. गाडी ओढून नेण्याआधी नोटीस किती दिवसांची आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी, हे करारात लिहिलेलं असावं लागतं. माझ्या करारात ते बारीक अक्षरात होतं, मॅडमनी हायलाइटरने रंगवून दिलं. सावकाराकडे परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे विचारा म्हणाल्या. नुसतं विचारणार आहे असं बोलले, तर त्याचा सूर बदलला.

एक स्टार का कापला? वकील आपण निवडायचा नाही, मिळेल तो. मला चांगल्या मिळाल्या, शेजारच्या बाकावरच्या काकांची मात्र त्यांच्या वकिलाबद्दल तक्रार होती. मॅडमचं दुसरं प्रकरण बोर्डावर लागलं की आपली भेट पुढे. नंबर पुकारत नाहीत, दाराशी उभं राहावं लागतं. आणि पाण्याचा कूलर मी गेले तेव्हा तेव्हा रिकामा, याचा तर मला धंदेवाईक राग आहे.

जाताना आधार, आरसी, टेम्पोच्या कर्जाचा पूर्ण करार (नुसतं मंजुरीपत्र चालत नाही), हप्त्यांचं स्टेटमेंट आणि आलेल्या सगळ्या नोटिसा न्या. कोर्ट लांब असेल तर आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.