हलकी की भारी? जुनी फोर बाय फोर निवडताना

जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी नाव ठरवतात आणि मग त्या नावाला शोभतील अशी कारणं गोळा करतात. मीही तेच केलं होतं. आता कोणी विचारलं तर माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. टायर, ब्रेक, क्लच, इंधन, रुतल्यावर ओढून काढायचा पट्टा, या सगळ्यांचा खर्च वजनाच्या मागोमाग चढतो. विंचचंच बघा, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणारं यंत्र. पूर्ण भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारा विंच घ्यावा, असा साधा हिशोब आहे. सुझुकी जिम्नी भरून १४२० किलोच्या आसपास जाते, तिला दोन-सव्वादोन टनांचा विंच पुरतो. टोयोटा लँड क्रूझर ८० माणसं-सामानासकट तीन टनांच्या घरात पोचते. म्हणजे साडेचार टनांचा विंच आला, तो पेलणारा लोखंडी बंपर आला, आणि एवढं ओझं नाकावर लादल्यावर पुढच्या स्प्रिंगा बदलणंही आलंच.

त्याआधी एक चाळणी लावा. मागे फोर बाय फोरचा बिल्ला आणि आत लो रेंजच (वेग अगदी कमी, जोर जास्त देणारी गिअरची जोडणी) नाही, अशा गाड्या बाजारात भरपूर आहेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. निसरड्या डांबरी रस्त्याला किंवा ओल्या गवताला त्या ठीक. पण दगडी उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या जोरावर हळूहळू उतरायचं, किंवा तसाच चढ रांगत चढायचा, तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत) लो रेंज हवीच. ती नसली की क्लच जळतो किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. म्हणून खाली फक्त लो रेंजवाल्या गाड्या घेतल्या आहेत.

दोन टोकं: जिम्नी आणि लँड क्रूझर ८०

जिम्नीची तिसरी पिढी १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं बनत राहिली, त्यामुळे जुन्या बाजारात ती सहज सापडते. लँड क्रूझर ८० मुख्यतः १९९० ते १९९७ मधली. आकारात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी दोघींची हाडं एकाच जातीची आहेत: लॅडर फ्रेम (बॉडीखालची शिडीसारखी चौकट), पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच ताठ आस), चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग. अखंड ॲक्सलचा फायदा असा की एक चाक दगडावर चढलं की त्याच ॲक्सलचं दुसरं चाक खाली रेटलं जातं आणि सहसा जमीन सोडत नाही.

जिम्नी रिकामी साधारण १०५० ते ११०० किलो. मऊ वाळूत मोठी गाडी स्वतःच्या वजनानं खड्डा खणत बसते, तिथून ही टायरमधली हवा थोडी कमी करून वरच्यावर निघून जाते. व्हीलबेस अवघा २२५० मिलिमीटर, त्यामुळे जिथे ८० सिरीजला तीनदा मागे-पुढे करावं लागतं तिथे ही एका दमात वळते. रुतलीच, तर दोन-तीन जण हातांनी ढकलून काढतात. रस्त्यावर मात्र १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन तुमचा संयम बघतं. लांब चढावर ट्रकच्या मागे तिसऱ्या-चौथ्या गिअरात रडत जायची तयारी ठेवा. चार माणसं बसली की सामानाला जागाही उरत नाही आणि वजनाची मुभाही. खरं तर ही दोन माणसांची गाडी आहे आणि मागची सीट म्हणजे सामान ठेवायचं कपाट आहे.

तिचा प्रसिद्ध आजार म्हणजे स्टिअरिंगची थरथर. ठरावीक वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं अशी नाचतात की हातातलं चाक सुटतंय की काय वाटतं. कारण बहुधा किंगपिनचं झिजलेलं बेअरिंग, सैल बुश किंवा बॅलन्स न केलेली चाकं असतात. विकणारे स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग) नवा टाकून थरथर तात्पुरती दाबतात. जुन्या गाडीत तेवढा एकच भाग चकचकीत दिसला तर समजून जा. दुसरी किरकोळ पण वैतागवाणी गोष्ट म्हणजे पुढच्या चाकांना ॲक्सलशी जोडणारी हब हवा शोषून, म्हणजे व्हॅक्यूमवर जोडली जातात आणि नळी फाटली की फोर व्हील लागतच नाही. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, पुढची चाकं खरंच ओढतात का ते मातीत बघा. इंजिन सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग बेल्टचं होतं, नंतरच्या एम१३ए मध्ये चेन आली. मी नंतरचीच घेईन.

८० सिरीजची कीर्ती खोटी नाही. बहुतेक गाड्यांत चारही चाकांना कायम जोर जातो, मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) लॉक होतं, आणि नशीब चांगलं असेल तर पुढचे-मागचे डिफ लॉकही कारखान्यातूनच बसवलेले मिळतात. ४.२ लिटरचं १एचझेड डिझेल टर्बोशिवायचं, मठ्ठ, पण सोशीक. १एचडी-टी टर्बोवालं जास्त चपळ. मात्र त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत बिग-एंड बेअरिंग लवकर झिजायचे, तेव्हा ते बदलल्याचा पुरावा मागा. पेट्रोलचं ४.५ लिटर इंजिन दणकट आहे, पण शंभर किलोमीटरला पंधरा लिटरच्या खाली क्वचितच येतं. डिझेल गाड्यांत एक लाख किलोमीटरला टायमिंग बेल्टचा दिवा लागतो. तो दिवा बेल्ट न बदलताही विझवता येतो, एवढं लक्षात असू द्या.

तिच्या पुढच्या चाकांमागचे गोल नकल (चाक वळवणारे सांधे) बघा. आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि काळं पाणी चाकाच्या आतल्या बाजूला ओघळतं. दुरुस्ती अवघड नाही, पण घाणेरडी आणि वेळखाऊ. खरी अडचण वेगळीच आहे. या गाडीचं नाव इतकं झालंय की थकलेल्या ८० सिरीजलाही चांगल्या मित्सुबिशी पजेरोपेक्षा जास्त किंमत सांगतात. हौसेला मोल नाही हे खरं, पण बजेट मर्यादित असलेल्या माणसानं मोडकळीला आलेला हत्ती घरी आणू नये.

त्याच वजनात थोडी स्वस्त: पेट्रोल

गोंधळ नको, ही निसानची पेट्रोल. वाय६० (१९८७ पासून) आणि वाय६१ (१९९७ पासून) या दोन्हींत ८० सिरीजसारखेच अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत, फक्त फोर व्हील गरजेपुरतं, हातानं लावायचं. टीडी४२ हे ४.२ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं तर दुसरीकडे बघू नका. त्यात टायमिंगसाठी बेल्ट नाही, गिअर आहेत. तीन लिटरचं झेडडी३० मात्र सुरुवातीच्या वर्षांत पिस्टन वितळण्यासाठी बदनाम झालं. स्वस्त पेट्रोल बहुधा याच इंजिनाची असते आणि स्वस्त असण्याचं कारणही तेच असतं.

मधल्या गाड्या

पजेरोच्या दुसऱ्या पिढीबद्दल (१९९१ ते १९९९) मला थोडं जास्त लिहायचंय, कारण ज्यांना सत्तर टक्के रस्ता आणि तीस टक्के आडवाट करायची आहे त्यांच्यासाठी ती मला सगळ्यांत शहाणी निवड वाटते. तिची सुपर सिलेक्ट पद्धत इथे कामी येते. साध्या पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे जिम्नीत किंवा पेट्रोलमध्ये, फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. मोकळ्या मातीत ते चालतं. कोरड्या डांबरावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक निघायला वाट मिळत नाही, आणि ताण गिअर-शाफ्टवर येतो. सुपर सिलेक्टमध्ये मधे डिफरन्शियल असल्यानं पावसात कधी डांबर, कधी चिखल अशा रस्त्यावर फोर व्हील लावूनच ठेवता येतं, आणि गरज पडली की ते लॉक करून लो रेंजमध्ये जाता येतं. मागचा डिफ लॉक काही गाड्यांतच असतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्यानं मोठ्या खड्ड्यांत एखादं चाक हवेत लटकतं, पण हायवेवर पाठ वाचते.

तिचं ४डी५६ इंजिन, म्हणजे २.५ लिटरचं, बेल्टचं आहे आणि त्यात बॅलन्स शाफ्टचा वेगळा छोटा बेल्ट असतो. तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला की इंजिन गेलंच. दोन्ही बेल्ट एकदमच बदला. २.८ लिटरचं ४एम४० चेनचं. १९९९ नंतरची तिसरी पिढी लॅडर फ्रेमऐवजी एकसंध बॉडीची आहे. रस्त्यावर ती सरस आहे, पण बॉडीला खालून गंज लागला असेल तर मोह सोडा.

जीपची जुनी चेरोकी, एक्सजे, १९८४ ते २००१. हीदेखील एकसंध बॉडीची, तरी दोन्ही ॲक्सल अखंड आणि वजन दीड टनाच्या आत-बाहेर, म्हणजे जिम्नी आणि पजेरो यांच्या मधोमध. चार लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन किलोमीटरमागून किलोमीटर रेटतं. फक्त त्याला गरम होऊ देऊ नका: रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट जुने असतील तर आधी तेच. शेवटच्या एक-दोन वर्षांतल्या काही इंजिनांचं हेड तडकायचं, म्हणून २००० सालाआधीची बघा. जिथे हिचे भाग सहज मिळतात तिथे हिच्याइतकी स्वस्त मौज नाही, आणि जिथे मिळत नाहीत तिथे ही घेणं वेडेपणा आहे.

लँड रोव्हर डिस्कव्हरी, पहिली (१९८९ ते १९९८). आडवाटेवर ही पजेरोला मागे टाकते: कायम फोर व्हील, मधला लॉक, लवचिक ॲक्सल. ३०० टीडीआय डिझेल साधं आणि पान्याच्या भाषेत बोलणारं. बाहेरचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमचे, पण आतला सांगाडा पोलादी, म्हणून बाहेरून तरतरीत दिसणाऱ्या गाडीचा मागचा गालिचा उचलला की खालची जमीन दिसते. दुसऱ्या पिढीत तर गंमतच झाली. सुरुवातीच्या गाड्यांत मधला लॉक आत होता, पण तो लावायचा दांडाच नव्हता. पुढे काही काळ लॉकही काढला. शेवटी दोन्ही परत आले. विकत घेण्याआधी वाकून बघा तुमच्या वाट्याला काय येतंय.

सुझुकीची २००५ नंतरची ग्रँड विटारा (लो रेंजवालीच) शांत संसारी माणसाला पुरते. लाडा निवा हलकी, कायम फोर व्हीलची आणि अगदी साधी आहे. आवाज आणि कुरकुर सोसायची तयारी हवी.

बघायला जाल तेव्हा

इंजिन थंड असायला हवं. आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. आधीच तापवून ठेवलं असेल तर थंड सुरुवातीचा खडखडाट आणि धूर तुमच्यापासून लपवायचाय असं धरून चाला. निळा धूर ऑइलचा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा पाण्याचा. सुरू केल्यावर दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

मग आडवे होऊन खाली जा. एकदा मी चेसिसला नवा काळा रंग बघून खूश झालो होतो, गाडी चांगली सांभाळलीय म्हणून. घरी आणून महिन्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. तेव्हापासून ताजा काळा रंग दिसला की मी छोटी हातोडी काढतो. टणटण आवाज आला तर बरं, थपथप आला तर नमस्कार करून निघा. मागची क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) आणि स्प्रिंग बसतात त्या जागा विशेष ठोकून बघा.

लो रेंज स्वतः लावून बघा. विकणारा म्हणतो, "कधी वापरलीच नाही," आणि ती कौतुकाची गोष्ट असल्यासारखं म्हणतो. वर्षानुवर्षं न हललेला लिव्हर गंजून अडकलेला असतो. मातीत, लो रेंजमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून टक-टक आलं तर जॉइंट झिजलेत. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय, म्हणजे गाडी खोल पाण्यातून गेली आणि नंतर कुणी लक्ष दिलं नाही. उंच केलेली, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) लावलेली, दिव्यांनी मढवलेली गाडी मी शक्यतो टाळतो. तिनं सोसलेलं असतं, आणि स्नॉर्कलचे सांधे बंद न करता नुसती शोभेला लावलेलीही खूप बघितलीत.

खिशातल्या पैशांपैकी चौथा हिस्सा गाडीच्या किमतीत धरूच नका. बेल्ट, सगळी ऑइल, होज, ब्रेक, बॅटरी आणि एकाच मापाचे पाच टायर यात तो जाणारच आहे. भारी गाडी घेणार असाल तर तिसरा हिस्सा.

एकटे किंवा दोघं असाल आणि वाट अवघड हवी असेल, तर जिम्नी. कुटुंब, सामान आणि लांबचा रस्ता असेल तर दुसऱ्या पिढीची पजेरो, ४एम४० इंजिनाची मिळाली तर उत्तम. आठवडेच्या आठवडे वस्तीपासून दूर राहायचं, पाणी-इंधनाचे कॅन न्यायचे, तर टीडी४२ ची पेट्रोल. ८० सिरीज तेव्हाच, जेव्हा कागदपत्रांसकट सांभाळलेली सापडेल आणि तिच्या इंधनाचा आकडा बघून घरात भांडण होणार नसेल. डिस्कव्हरी ज्यांना हवी असते त्यांना ती या सगळ्याआधीच आवडलेली असते. त्यांनी गालिचा तेवढा उचलून बघावा.